पाठवणाऱ्याचा पत्ता

“तो इथं आहे की नाही, एवढंच मला सांगा.”

“कोण?”

“श्रीपाद देवतळे. माझा धाकटा भाऊ.”

“श्रीपाद नावाचं इथं कुणी नाही.”

राजधरबाबांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर मांडी घालून ते तुरीची डाळ निवडत होते. वयानं वाकलेले, डोळ्यांना कमी दिसणारे. डाळीतला खडा ते बोटांनीच ओळखत.

अंगणात सारंग देवतळे उभा होता. पुण्याहून आला होता. शहानूर नदीच्या काठानं गाडी जाईल तिथवर आणली होती आणि पुढची वाट पायी तुडवली होती. याआधी बरेच मठ त्यानं पालथे घातले होते. सगळीकडे हेच उत्तर मिळालं होतं.

दिवाळी होऊन गेली होती, तरी आभाळ भरलेलं होतं. सातपुड्याच्या उतारावर दुपारीच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं.

सारंगनं फोन पुढं केला.

“हा बघा त्याचा फोटो. घर सोडलं त्या वर्षीचा.”

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला...

मग परत दिला.

“बसा भाऊ. पाणी प्या.”

“बसायला वेळ नाही, बाबा. आई अकोल्याला दवाखान्यात आहे. तिला श्वास पुरत नाही. डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय.”

“हं.”

“रोज एकच विचारते. श्रीपादचा फोन आला का? तो संन्यासी झाला, ते तिनं सोसलं. पण इतक्या वर्षांत एक फोन नाही... त्यानं आपल्याला टाकलं, असं तिनं मनात धरलंय. एकदा त्याला तिच्या खाटेशी उभं केलं, की माझं काम झालं.”

बाबांचा हात सुपात थांबला.

“एक फोन नाही?”

“एकही नाही.”

“आईंचा फोन चालू असतो?”

“असतो की. मीच घेऊन दिलाय, मीच बघतो. फोनचं मला विचारूच नका बाबा. माझा तोच धंदा आहे.”

“काय करता?”

“नेटवर्क इंजिनिअर आहे. इंटरनेट माहीत आहे ना?”

“शब्द ऐकलाय. म्हणजे काय, ते ठाऊक नाही. सांगा मला.”

सारंगला चीड आली. पण फोटोकडे कुणी उगाच इतका वेळ बघत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हाताऱ्याला काहीतरी माहीत होतं. ते काढून घ्यायचं तर त्याच्या कलानं घेणं भाग होतं.

तो पायरीवर टेकला.

“जगातले सगळे कॉम्प्युटर, सगळे फोन एकमेकांना जोडलेले आहेत. ते जाळं म्हणजे इंटरनेट. त्यात प्रत्येकाला एक पत्ता असतो, आकड्यांचा. आयपी ॲड्रेस म्हणतात त्याला. पत्ता नसला तर तुमच्यापर्यंत काही पोचत नाही.”

“एवढे आकडे माणसांच्या लक्षात राहतात?”

“नाही राहत. माणसांच्या लक्षात नावं राहतात. म्हणून नाव दिलं की आकडा काढून देणारी वेगळी यंत्रं असतात. डीएनएस. आपण नाव घ्यायचं, ते पत्ता सांगतं.”

“नाव बदललं तर?”

“तर तिथं नवं नाव कळवावं लागतं. नाहीतर जुन्या नावानं कितीही शोधा. उत्तर एकच येतं, असं कुणी नाही...”

सारंग बोलता बोलता अडखळला.

“इथं आल्यावर नाव बदलतात का?”

“बदलतात.”

“त्याचं काय ठेवलं?”

बाबांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“अचलमुनी.”

सारंगनं मोठा श्वास सोडला. किती दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले.

“म्हणजे इथंच आहे तो. भिक्षेला गेलाय?”

बाबा नदीकडे बघत राहिले...

सारंगला वाटलं, हो म्हणाले. त्यानं बूट काढले, पाय वर घेतले, तांब्यातलं पाणी प्याला. भाऊ येईल. गाडीत घालू. रात्रीच्या आत अकोला गाठू. त्यानं फोन पाहिला. रेंज नव्हती. आईला कळवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं.

“मला एक विचारायचंय,” बाबा म्हणाले. “मला ते भाद्रपदापासून उलगडत नाही. तुमचा धंदाच आहे तर तुम्ही सांगू शकाल.”

“विचारा ना.”

“एकानं दुसऱ्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. त्यानं काय समजायचं?”

सारंग हसला. आता त्याला घाई नव्हती.

“बाबा, हा फार मोठा प्रश्न आहे. आमच्याकडे पोरं वर्ष वर्ष शिकतात, तरी त्यांना कळत नाही. पहिल्यापासून सांगू?”

“सांगा.”

“निरोप अखंड जात नाही. त्याचे तुकडे करतात. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर दोन पत्ते असतात. कुठं जायचं तो, आणि कुणी पाठवलं तो.”

“पाठवणाऱ्याचा कशाला?”

“उत्तर कुठं द्यायचं मग? आता, वाटेत ठिकठिकाणी राउटर असतात. राउटर म्हणजे चौकातला माणूस समजा. पॅकेट आलं की तो पत्ता वाचतो आणि पुढच्या चौकाकडे धाडतो. सबंध वाट त्याला माहीत नसते. फक्त पुढचं पाऊल माहीत असतं.”

“आत काय लिहिलंय ते तो वाचतो?”

“नाही. त्याचा काय संबंध? लाखो जातात रोज माझ्या यंत्रांतून. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं कोण गेलं... आम्ही वरचा पत्ता बघतो आणि पुढं ढकलतो.”

“हं.”

“आता तुमचा प्रश्न. समोरचा आहे की नाही, ते बघायला आम्ही पिंग करतो. म्हणजे नुसती हाक. आहेस का? तो म्हणतो, आहे. बस. एवढंच बोलणं.”

“आणि नाहीच म्हणाला काही?”

“थोडा वेळ वाट बघायची. मग पडद्यावर येतं, वेळ संपला. टाइम आउट.”

“म्हणजे तो नाही, असं समजायचं?”

“तिथंच नवशिके चुकतात.” सारंगचा आवाज चढला. वर्गात बोलावं तसा तो बोलू लागला. “उत्तर आलं नाही, म्हणजे उत्तर आलं नाही. एवढंच. त्याहून जास्त काही म्हणता येत नाही. कदाचित तिथं कुणी नसेल. कदाचित वाट तुटली असेल. कदाचित तो असेल, पण मध्ये भिंत असेल.”

“कसली भिंत?”

“फायरवॉल. कुणाला आत येऊ द्यायचं, कुणाला नाही, ते ठरवते. वाईट लोक फार असतात बाबा. उघडं ठेवून चालत नाही.”

“नको असलेल्याला ती सांगते, येऊ नको म्हणून?”

“दोन तऱ्हा असतात. एकीत नकार कळवतात, रिजेक्ट. दुसरीत काहीच कळवत नाहीत. आलेलं जागच्या जागी टाकून देतात, ड्रॉप. मी नेहमी दुसरी लावतो.”

“का?”

“नकार दिला की बाहेरच्याला कळतं, आत कुणीतरी आहे. गप्प राहिलं की तो वाट बघत बसतो. हाक मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. शेवटी दमून निघून जातो.”

“तो आपलाच असला तर?”

“आपली माणसं आधीच आत घेतलेली असतात.”

वाऱ्याची झुळूक आली आणि गेली. अंगणातल्या उंबराची वाळकी पानं भिंतीशी जमा झाली होती.

“आईच्या फोनवरही मी हेच करून ठेवलंय,” सारंग म्हणाला. त्यात त्याला थोडा अभिमानच होता. “तिला सारखे फसवणुकीचे फोन यायचे. भोळी आहे ती, कुणाशीही बोलत बसते. यंदा उन्हाळ्यात बंदच करून टाकले. सेव्ह केलेले नंबर सोडून कुणाचाही फोन वाजत नाही.”

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“लावणाऱ्याला काय ऐकू येतं?”

“घंटी. वाजत राहते. त्याला वाटतं, उचलत नाहीत.”

“आणि आईंना?”

“काहीच नाही. तिला कळतही नाही.”



सारंगनं वळून नदीच्या वाटेकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

“केव्हा येईल तो?”

“अजून एक सांगा,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. “निघालेला निरोप वाटेतच संपतो कधी?”

“संपतो. तशी सोयच केलेली असते.”

“सोय?”

“वाट चुकलेली पॅकेटं या चौकातून त्या चौकात कायम फिरत राहिली तर जाळं तुंबेल. म्हणून निघतानाच प्रत्येकाला ठरावीक आयुष्य देतात. टाइम टू लिव्ह. दाखवतो.”

सारंगनं सुपातून थोडी डाळ घेतली आणि फरशीवर दाण्यापुढं दाणा असा मांडत गेला.

“हे चौक. आणि हे आपलं पॅकेट.” त्यानं आणखी एक दाणा उचलून पहिल्याशेजारी ठेवला. बोटानं सरकवत नेला. “इथं आलं, आयुष्य एकानं कमी. इथं आलं, आणखी एकानं. इथं... इथं... आणि इथं संपलं.”

दाणा मधेच थांबला. पुढं बरेच चौक उरले होते.

“आता हे पुढं जात नाही. इथंच टाकून देतात.”

“घरी कोण कळवतं?”

“ज्याच्या हातात संपलं तो. तो राउटर मागं निरोप पाठवतो, की तुमचं पॅकेट माझ्याकडे संपलं.”

“पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर.”

“हो. म्हणून तर तो पत्ता लिहिलेला असतो.”

“तो नसला तर?”

“मग काय करणार? ज्याच्या हातात संपलं त्यालाच माहीत. बाकी कुणाला नाही.”

बाबा वाकले. फरशीवर चाचपडत त्यांनी तो मधला दाणा शोधला. उचलला. उजव्या तळहातावर ठेवला...

आणि तळहात सारंगपुढं धरला.

दाणा पडू नये म्हणून त्यांनी डावा हात खाली लावला.

सारंग त्या हाताकडे बघत राहिला.

उंबराचं एक पान ओसरीवर येऊन पडलं.

“केव्हा?” त्यानं विचारलं.

“भाद्रपदात.”

“कशानं?”

“ताप. भिक्षेहून भिजून आला होता. डोळे पिवळे झाले. तालुक्याला न्यायचं होतं, पण नदीला पाणी होतं. उतरेना. तिसऱ्या पहाटे माझ्या मांडीवर...” बाबा थांबले. “पलीकडे, काठावर ठेवलाय. आमच्यात जाळत नाहीत.”

“कळवलं का नाही?”

“कुठं?”

सारंगनं फरशीवरच्या दाण्यांकडे पाहिलं.

“इथं येणारा गाव मागं सोडून येतो. तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. चांगला रिवाज आहे, असं मी जन्मभर म्हणत आलो.”

“एवढ्या वर्षांत त्याला एकदाही वाटलं नाही? एक फोन...”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर सारंगला सोपं गेलं असतं.

“श्रावणात तो माझ्याकडे आला,” बाबा म्हणाले. “म्हणाला, आई स्वप्नात येते. बोलू का एकदा? मी म्हणालो, बोल. तो खालच्या गावात गेला. तिथं किराण्याचं दुकान आहे. दुकानदाराच्या फोनवरून लावला.”

“मला लावायचा...”

“तुमचा नंबर त्याला पाठ नव्हता. आईंचाच होता.”

सारंगचे हात एकमेकांत गुंतले. बोटं पांढरी पडेपर्यंत त्यानं ते आवळले.

“घंटी वाजत राहिली. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं पुन्हा लावला. दुकान बंद होईतो लावत होता, असं दुकानदार सांगतो. अंधार पडल्यावर वर आला. मी विचारलं, बोललास? म्हणाला, आई उचलत नाही. तिनं मला सोडलं. बरं झालं, म्हणाला.”

“बरं झालं?”

“तसं म्हणाला... त्या दिवशी जेवला नाही.”

सारंगनं खिशातून फोन काढला. कशासाठी काढला ते त्यालाही कळलं नसावं. पडद्यावर रेंज नव्हती. तो नुसताच हातात धरून बसला.

“तो गेल्यावर मी स्वतः खाली गेलो,” बाबा म्हणाले. “दुकानदाराकडे नंबर राहिला होता. त्यावर लावला. दोन बाजारांच्या दिवशी लावला. घंटी ऐकली मी... फार वेळ ऐकली. मग मनाशी म्हणालो, घरच्यांना नकोय तो. त्यांनी दार लावून घेतलंय.”

बाबांनी तळहात मिटला.

“मीही नवशिकाच निघालो.”



थोड्या वेळानं सारंग उठला. बूट न घालताच अंगणात उतरला. बाबांनी काठी घेतली आणि ते त्याच्यापुढं चालू लागले. वाट उताराची होती. बाबा जपून पाय टाकत होते. सारंगला हात पुढं करायचं सुचलं नाही.

काठावर करंजाची झाडं होती. त्यांच्या खाली मातीचा एक लांबट उंचवटा. पावसानं तो दबला होता आणि त्यावर गवत आलं होतं. दगड नव्हता. नाव नव्हतं.

“हाच?”

“हाच.”

सारंग शेजारी बसला. गवत उपटायला लागला, मग थांबला. उपटलेलं मातीवर परत ठेवू लागला. ते राहीना.

खाली नदी वाहत होती. आता ती इतकी उथळ झाली होती, की पोरंही पार झाली असती.

तो रडला तेव्हा आवाज केला नाही. बाबा पाठमोरे उभे राहिले. आभाळ आणखी उतरलं. कुठंतरी वर, डोंगरात, गुरं परतत असावीत. त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि सारंगनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

पुष्कळ वेळानं तो बोलला.

“आईला सांगणार नाही मी.”

बाबा वळले नाहीत.

“तिच्याकडे दिवस किती उरलेत? सांगेन, भेटला. बरा आहे. लांब यात्रेला निघालाय, येईल. तिला तेवढंच हवंय.”

“तेवढंच हवंय?”

“मग काय सांगू? तो मेला, एवढं सांगू? त्यानं तिला काय मिळेल?”

बाबांनी काठी मातीत टेकवली.

“बाबा, तुम्ही तरी बोला. निरोप पोचवणं हाच माझा धंदा. हा नाही पोचवता येत मला.”

“या निरोपात काय लिहिलंय, ते वाचलंत तुम्ही?”

“वाचलं ना. तो गेला.”

“एवढंच?”

सारंगनं मान वर केली. त्याचे डोळे सुजले होते. तो बाबांकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला. अंगावर काहीतरी चालून येताना दिसावं, तसा.

“त्यानं फोन केला होता...” तो म्हणाला.

“केला होता.”

“दुकान बंद होईतो.”

“हो.”

“हे तिला सांगायचं?”

“इतकी वर्षं ती दुसरं काय विचारते आहे?”

करंजाखाली अंधार साचू लागला होता. बाबांनी काठी उचलली. परत फिरायची वेळ झाली होती. उजेड आहे तोवर सारंगला गाडीपर्यंत पोचायला हवं होतं आणि तिथून अकोला दूर होतं.

तो उठला नाही.

“पण मग ती विचारेल, बाबा. फोन केला होता, तर वाजला का नाही?”

बाबा थांबले.

“विचारू द्या तिला.”